दहा दिवसांचा खुराक

मी, भिमाजी बहिरू गायखे, वय वर्षे पासष्ट, धंदा पूर्वी कुस्ती व आता तालमीची वस्तादी, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो ते असे की, माझी छाती खराब झाली आहे, डोके नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून दोनदा मान हलवली तेव्हाच मी समजलो. मला दिवस, वार आणि माणसे नीट ओळखू येतात. काल एका गड्याने ऐंशी बैठका मारून शंभर सांगितल्या, त्या मला खाटेवर पडल्या पडल्या कळल्या. कोणी धाक घालून हे लिहवून घेतलेले नाही. मला धाक घालू शकेल अशी एकच बाई होती, ती एकतीस वर्षांपूर्वी गेली.

मी सांगतो आहे आणि माझे स्नेही सावळीराम मास्तर लिहीत आहेत. त्यांचे अक्षर चांगले आहे, पण ते मधेमधे हरकत घेतात. ती हरकतही लिहावी असे मी त्यांना बजावले आहे.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, माझी विधवा बहीण भागीबाई हिला तिच्या हयातीपर्यंत राहण्यास द्यावे. तिच्यामागे ते पुतण्या रावजी याचे. रावजीने गेल्या महिन्यात माझ्यादेखत भिंत वितींनी मोजली. माप बरोबर आहे, फक्त घाई चुकली. भागीबाई पंचवीस वर्षे माझ्यासाठी भाकरी थापते आहे आणि रोज ती शेवटचीच असे म्हणते. अजून पंचवीस वर्षे तिला कोणी चुलीपासून उठवू नये.

कलम २. म्हैस भागीबाईचीच. ती दूध देते तोवर रोज शेरभर तालमीत जावे. म्हैस फक्त भागीबाईचे ऐकते, म्हणून रावजीने तिच्या वाटेला जाऊ नये.

कलम ३. शिसवी मुद्गलांची जोडी शेजारी चिमाजी याला द्यावी. ही जोडी त्याने १९१९ साली उसनी नेली, एकाची मूठ तडकवून आणली, आणि मूठ आधीपासूनच तशी होती असे तोंड वर करून सांगितले. त्यानंतर अठरा वर्षे आम्ही रोज ओट्यावर बसून सगळ्या जगाविषयी बोललो, मुठीविषयी बोललो नाही. आता जोडी त्याची. उचलताना हाताला तडा लागेल तेव्हा त्याने माझी आठवण काढावी.

कलम ४. मखमलाबादच्या वाटेवरची माझी दोन एकर पेरूची बाग मी रावजीला देत नाही. ती तालमीच्या पंचांच्या हवाली करतो. का, ते सविस्तर लिहितो, कारण उद्या रावजी म्हणेल की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता.

ऐन उमेदीत मी एका मोठ्या घरचा पगारी पैलवान होतो. धन्याचे नाव लिहीत नाही. त्यांचे चिरंजीव आज आमच्या तालमीतल्या गड्यांना पगार देतात आणि ते भले गृहस्थ आहेत. मला दरमहा बारा रुपये आणि वर खुराक होता: दूध, तूप, बदाम. घर त्या पगारावर चालत होते आणि अंग त्या खुराकावर. १९०६ साली माझी बायको नवसाबाई तापाने चार दिवसांत गेली. मी धन्याकडे दहा दिवसांची रजा मागितली. ते रागावले नाहीत. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "बस की घरी. तुला कोण अडवतंय? पण खुराक जोर काढणाऱ्याला असतो, रडणाऱ्याला नाही."

त्यांच्या घरच्या कारकुनाची आई वारली तेव्हा त्याला पंधरा दिवसांचा पगार घरपोच गेला होता. मी हे विचारले. ते म्हणाले, कारकुनाच्या कामाला डोके लागते, दुःखात डोके चालत नाही. पैलवानाचे काम अंगाचे, आणि अंगाला कसले दुःख? हे वाक्य मी एकतीस वर्षे सोबत घेऊन फिरतो आहे. नवसाबाई गेल्यावर माझे डोके चांगले चालत होते. हात उचलत नव्हते.

पाचव्या दिवशी मी तालमीत गेलो. घरात म्हातारी आई होती, तिला खायला घालायचे होते. सुतकात तालमीतल्या हौद्याच्या मातीला पाय लावू नये, तिथे मारुती आहे, हे मला लहानपणापासून माहीत होते. तरी लावला. आठव्या दिवशी फडात उतरलो आणि पहिल्याच झोंबीला उजवा गुडघा गेला. खुराक बंद झाला तो कायमचा. सुतकात माती तुडवली म्हणून गुडघा गेला, असे मी तेव्हा धरून चाललो. मास्तर हरकत घेतात की उपाशी, न झोपलेला माणूस लढला म्हणून गेला. असेल. पण मी धरले ते धरले, आणि पुढची चूक त्यातूनच झाली.

कलम ५. खलील हा येवल्याच्या विणकराचा मुलगा, वयाच्या चौदाव्या वर्षी माझ्याकडे आला. बाप नव्हता. आई नूरबानो मागाच्या सुताच्या कांड्या भरून घर चालवीत असे. तिने त्याला माझ्या हाती देताना सांगितले होते, "वस्ताद, हाडं तुमची, पोरगा माझा." मला मूल नाही. त्या दिवसापासून होते, असे लिहायला हरकत नसावी.

१९२९ च्या चैत्रात नाशकातच खलीलची मोठी जोड ठरली होती. चार वाजता कुस्ती. सकाळी साडेदहाला तालमीत त्याच्या नावाने तार आली. मी पोस्टातल्या बाबूंकडून वाचून घेतली. त्याचे मामा नियाज यांनी केली होती. आई वारली, मगरिबपर्यंत थांबतो, असे होते. म्हणजे दिवस मावळेपर्यंत दफन थांबवून ते मुलाची वाट पाहणार होते. दुपारची गाडी धरून, मनमाडला बदलून, तो पोहोचला असता.

मी तार घडी करून फेट्यात खोचली.

आमच्यात लांबच्या मयताचे सुतक बातमी कानी पडल्यावर लागते. कानावर गेले नाही तर माणूस शुद्ध. मी विचार केला, पोराला आत्ता सांगितले तर ते रडत फडात जाईल आणि माझ्यासारखा गुडघा घालवेल. न सांगितले तर सुतक नाही, मातीचा कोप नाही. कुस्ती झाल्यावर सांगू, मग त्याने हवे तितके दिवस बसावे, पगाराचे मी बघतो. त्याच्यात सुतक नसते हे मला ठाऊक होते, तरी त्या वेळी डोक्यात आले नाही. त्याच्यात मुलाने आईच्या कबरीवर तीन मुठी माती टाकायची असते, हेही आले नाही. आणि खरे लिहायचे तर कुस्ती मोठी होती, वस्ताद म्हणून मलाही फेटा बांधला जाणार होता. तो बांधला गेला. जुना फेटा काढताना तार खाली पडू नये म्हणून मी ती मुठीत धरली.

खलील जिंकला. मी त्याला सांगितले की तार आत्ताच आली. तो दुसऱ्या दिवशी येवल्याला पोहोचला तेव्हा कबरीवर पाणी शिंपडून झाले होते.

म्हणून बाग देतो. बागेच्या उत्पन्नातून तालमीतल्या प्रत्येक पगारी पैलवानाला, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, आई, बाप, बायको, मूल, भाऊ किंवा बहीण गेल्यास दहा दिवस पगार आणि खुराक पूर्ण द्यावा. त्या दिवसांत त्याला जोर काढायला बोलावू नये. ठरलेली कुस्ती मोडल्याबद्दल कोणी त्याला भित्रा म्हणू नये. दहा दिवस बातमी ऐकल्या दिवसापासून धरावेत.

मास्तर हरकत घेतात. म्हणतात, "भिमाजी, तुझे गडी दर महिन्याला एक आजी मारतील." आजी यादीत नाही, हे मी दाखवून दिले. ते म्हणाले, मग आई मारतील. मारू देत. एखाद्याने खोटी आई मारून दहा दिवस बदाम खाल्ले तर माझे चार पेरू जातील. खऱ्या आईला मुलगा चुकला तर ते कशाने भरून यायचे?

कलम ६. ती तार माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, लंगोटांच्या खाली आहे. माझ्यामागे ती खलीलला द्यावी आणि हे मृत्युपत्र त्याला वाचून दाखवावे. जिवंतपणी सांगायला मला तोंड नाही.

इथवर लिहून झाले आणि मास्तरांनी दौत बंद केली. म्हणाले, "हे कलम मी लिहिलं, पण मला पटलेलं नाही. रोज संध्याकाळी तो तुझा गुडघा दाबायला येतो. मेल्यावर कशाला? आज येईलच." आणि ते उठून जाईनात. मग खलील आला. मी भागीबाईकडून ट्रंक उघडवली आणि तार त्याच्या हातात दिली. पुढचे बोलणे झाले तसे लिहिण्यास सांगतो.

खलील तार बघून म्हणाला, "मला ठावं हाये, वस्ताद. मामूंनी चाळिसाव्यालाच सांगितलं, तार सकाळी नऊला केली व्हती म्हून."

मी विचारले, "मग आठ वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हून थांबलो. अम्मीनं बी मगरिबपर्यंत वाट बघितली. म्हटलं, आपण बी बघू."

मी त्याचे पाय धरायला वाकलो, पण छातीने वाकू दिले नाही. मी माफी मागितली. त्याने तार उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "माफ केलं का नाय, ते माझं मलाच अजून उमगत नाय. गुडघा दाबायला आलोय. पाय सरळ करा."

पाय दाबता दाबता त्याने कलम पाच वाचायला सांगितले. ऐकून म्हणाला, "लय चांगलं हाये. पण एक जागा चुकली. ऐकल्या दिवसापासून धरलं, तर सांगणारे उशीर करत्याल. मेल्या दिवसापासून धरा. आन् पगार मागाहून दिला तरी चालंल, आधी गाडीभाडं हातात द्या."

मास्तरांनी या एका गोष्टीला हरकत घेतली नाही.

कलम ७. दुरुस्ती. कलम पाचमधील दहा दिवस मयताच्या दिवसापासून धरावेत. तालमीत बातमी ज्याच्या हाती येईल त्याने ती त्याच क्षणी सांगावी. गडी जेवत असो, झोपलेला असो वा फडात कुस्ती धरून असो. बातमी दडवणाऱ्याला तालमीत पाय ठेवू देऊ नये, मग तो वस्ताद का असेना. गाडीभाडे तालमीच्या कोनाड्यात मारुतीपाशी कायम ठेवलेले असावे, मागावे लागू नये.

कलम ८. येत्या चैत्रात खलीलची दिंडोरीला कुस्ती आहे आणि डॉक्टरांचा अंदाजही तेव्हाचाच आहे. मी त्याला तसे म्हणालो, तर तो म्हणाला, "मंग तुम्ही त्या दिवशी मरू नका, झालं." मी प्रयत्न करीन. न जमल्यास चिमाजीने तडक दिंडोरीला जाऊन त्याला सांगावे. चिमाजीची निवड विचार करून केली आहे. त्याच्या पोटात आजवर काहीही राहिलेले नाही, एका मुठीशिवाय. कुस्ती बरोबरीत सोडवावी. दिवस मावळेपर्यंत मला घरात ठेवावे. अग्नी रावजीने द्यावा, पण त्याआधी हौद्यातली तीन मुठी माती खलीलने माझ्यावर टाकावी. त्याला एकदा टाकायची राहिली आहे.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. माझे हे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

नाशिक, तारीख १४ मार्च १९३७
भिमाजी बहिरू गायखे, निशाणी डाव्या अंगठ्याची

साक्षीदार:
१. चिमाजी सखाराम, शेजारी. (मूठ मीच तडकवली होती. सही खाली.)
२. फारुख उस्मान, दूधवाले, पंचवटी

दस्तुर सावळीराम मास्तर

अंमलबजावणीची नोंद, तारीख ६ मे १९३७

वस्ताद २५ एप्रिल रोजी दुपारी दीड वाजता वारले. दिंडोरीचा फड त्याच दिवशी होता. चिमाजी मोटारीने गेला आणि कुस्ती चालू असताना हौद्याच्या कडेला उभा राहून ओरडला. खलील वरच्या अंगाला होता. त्याने पकड सोडली. खालचा गडी उठला, अंगावरची माती झटकली आणि "जा, जा" म्हणाला. आम्ही दिवस मावळेपर्यंत थांबलो. खलील त्याआधीच आला. माती भागीबाईंनी फडक्यात बांधून ठेवली होती.

खलीलला दहा दिवसांचा पगार देताना पंचांनी वहीत लिहिण्यासाठी मयताचे नाते विचारले. कलम पाचमध्ये आई, बाप, बायको, मूल, भाऊ, बहीण एवढेच आहेत. वस्ताद हे नाते लिहायचे राहून गेले, आणि ती चूक लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. हरकत घेण्याची सवयही माझीच. मी वही ओढून घेतली आणि "बाप" असे लिहिले. दहा दिवस मयताच्या दिवसापासून धरले आहेत.

सावळीराम मास्तर