पाचवं तिकीट

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, दि. ६ जुलै २०२५, सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे.
आत्ता मी दुकानाच्या भिंतीवर फूटपट्टीने खुणा करत होतो. का, ते पुढे लिहितो.

ती. मोनालीताईस,
प्रीतमचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर माझी जीभ अडते आणि भाऊजी फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून नेहमीप्रमाणे पत्रच.

दिवाळीच्या सुट्टीत दुबईच्या मनोरंजन पार्कात जायचं ठरलं आणि सगळी आखणी भाऊजींनी माझ्याकडे दिली, याचा मला फार आनंद झाला. दिवसभर दुकानात लोकांचे फॉर्म भरतो, पण आपल्या घरचा फॉर्म भरायची वेळ क्वचितच येते. भाऊजींनी चिठ्ठीत 'आपण पाच जण' असं लिहिलंय. ती चिठ्ठी मी फाईलमध्ये पहिल्या पानावर लावली आहे.

आता मुद्दा. मोठ्या पाळण्यात बसायला उंची किमान १४० सेंटिमीटर लागते. गेल्या दिवाळीला सुजात १३५ होता. कृपया त्याला सकाळी, बूट न घालता, भिंतीला टाच टेकवून मोज. संध्याकाळी माणूस थोडा कमी भरतो. मी स्वतःला सकाळ-संध्याकाळ मोजून पाहिलं, एक सेंटिमीटरचा फरक पडतो. यशोधराचा प्रश्न नाही, ती माझ्याएवढी झाली असेल.

तिकिटं मुंबईहून घेतो, मी आदल्या दिवशी रेल्वेने येईन. खोली चौघांची मिळते, पाचव्यासाठी जादा गादी सांगितली आहे. ती दाराजवळ टाकली तरी चालेल. पासपोर्ट आले की व्हिसासाठी माझ्याकडे पाठवा, तुमच्या चौघांचे फॉर्म भरून झाले. माझा सर्वांत शेवटी भरला. एका रकान्यापाशी मला जरा वेळ लागला, पण भरला.

इकडे सर्व ठीक. जेवण दोन्ही वेळचं सकाळीच करून ठेवतो. मुलांना माझी आठवण सांग. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
प्रीतम

*

नाशिक, १९ जुलै २०२५

चि. प्रीतम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र म्हणजे सरकारी परिपत्रक असते गा! सुजातले मोजलं, बूट न घालता, टाच टेकवून. १३८ भरला. तेव्हापासून रोज शाळेतून आला की दाराच्या चौकटीले लटकून राहते. काल चौकटीचा खिळा निघाला. हे म्हणाले की पोरगा वाढो न वाढो, दार मात्र खाली येईल.

यशू म्हणते की मामाले सांग, तिथं मले ओळख दाखवू नको, कमरेला पाकीट बांधून रांगेत उभा राहशील तर मी लांबूनच चालीन. मग रात्री तिनंच मले विचारलं की मामा खरंच येते ना, का मागच्या दोन्ही वेळेसारखं ऐनवेळी दुकानाचं कारण काढते. सुजातनं तर मोठ्या पाळण्यात आपल्या बाजूची जागा तुझ्यासाठी ठरवून टाकली. यांना चक्कर येते आणि मले तर सायकलरिक्षातही भीती वाटते.

यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं की माझा साळा सगळं बघून राहिला, एजंटची गरज नाही. मलेही बरं वाटते. बाबा असते तर त्यांनाही वाटलं असतं. धंतोलीच्या दवाखान्यात तुझ्या दहावीचे पेढे वाटले तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता, आठवते ना?

हे म्हणतात की पाचही पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स पाठव, एक फाईल आमच्याजवळही राहू दे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं.

जेवत जा. सकाळची पोळी रात्री खाऊ नको.

तुझी,
मोनालीताई

*

हुडकेश्वर, नागपूर
मंगळवार, दि. १२ ऑगस्ट २०२५, दुपारचे २ वाजून १५ मिनिटे. दुकानात गिऱ्हाईक नाही.

ती. मोनालीताईस,
प्रीतमचा सविनय जय भीम. वि. वि.

सोबत चार पासपोर्टच्या झेरॉक्स, सर्व पानं, क्रमाने. चार जणांचं वेळापत्रकही जोडलं आहे.

माझं येणं जमणार नाही. दिवाळीनंतर परीक्षांच्या फॉर्मची गर्दी असते आणि बाजूला दुसरं झेरॉक्सचं दुकान उघडलं आहे. पाच दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. माझं तिकीट मी कालच रद्द केलं, कारण कमी पैशांत रद्द करण्याची ती शेवटची तारीख होती. तुम्हाला आधी कळवून मग रद्द केलं असतं तर ती तारीख गेली असती. पासपोर्ट मात्र वाया जात नाही, दहा वर्षं चालतो.

जादा गादी काढून टाकली आहे. खोली मोकळी वाटेल. मोठ्या पाळण्यात सुजातजवळ यशोधरा बसू शकते. दोघांनी कानातलं, चष्मा, मोबाईल आधी भाऊजींकडे द्यावं.

इकडची काळजी करू नये. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
प्रीतम

*

नाशिक, २३ ऑगस्ट २०२५

चि. प्रीतम,
आशीर्वाद आहेतच, पण रागही आहे.

तू आम्हाले समजतो तरी काय? आधी तिकीट रद्द करते आणि मग कळवते! तारीख जाईल म्हणून? माणूस गेला तरी चालते, तारीख नाही गेली पाहिजे?

सुजातनं चौकटीले लटकणं सोडलं. १३९ झाला आहे, ते तुले कळवायचं म्हणून कागदावर लिहून ठेवलं होतं, तो कागद त्यानंच फाडला. यशू फक्त म्हणाली की मी म्हटलंच होतं. तिचं ते बोलणं मले जास्त लागलं.

मी तुले पाळण्यात झुलवलं आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये तू राखेनं काळे झालेले पाय घेऊन माझ्याच अंथरुणात शिरायचा. तुझं दुकान मले माहीत आहे, दिवाळीत तिथं माशी फिरकत नाही. खरं सांग. पैसे नाहीत का? तब्येत बरी नाही का? का आमचंच काही चुकलं? पाच दिवस आमच्यासोबत राहायचं म्हटलं की तू काहून पळते?

काही असो, पण खरं लिही. खोटं लिहायचं असेल तर पत्र टाकू नको.

ताई

*

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, दि. ३१ ऑगस्ट २०२५, सकाळचे ९ वाजून ५ मिनिटे. दुकान आज उघडलं नाही.

ती. ताईस,
जय भीम.

मी दहावी पास नाही. गणित आणि इंग्रजीत नापास आहे. परत बसलो नाही.

निकालाच्या दिवशी मी धंतोलीला पोहोचलो तेव्हा बाबांनी शेजारच्या खाटेवरच्या रूपरावकाकांकडे पैसे देऊन पेढे आधीच आणवले होते. मी वॉर्डात शिरलो तेव्हा डबा उघडलेला होता. नर्सबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबा उठून बसले होते, त्यांना उठायला मनाई होती. मला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. तेवढ्यात पेढा माझ्या तोंडात आला. नवव्या दिवशी बाबा गेले. मग कोणाला सांगायचं?

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर तशी एक ओळ छापून येते. कामासाठी काही देशांत जायचं असेल तर अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि त्यात दुबई येते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही, परतीचं तिकीट जवळ असलं म्हणजे पुरे. पण ती ओळ पासपोर्टवर राहतेच. फॉर्ममध्ये पास लिहिता आलं असतं असं तू म्हणशील. बाबांशी खोटं बोललो, फॉर्ममध्ये खोटं लिहवलं नाही.

भाऊजींनी सर्व पानं मागितली तेव्हा मी आठ दिवस झोपलो नाही. आणि ते पान लपवलं तरी विमानतळावर खिडकीशी साहेब विचारणार, शिक्षण किती, कामाला चालला का. माझी जीभ अडणार. मागे तुम्ही चौघं उभे असणार. सुजातला भाऊजी सांगतात की मामाकडे बघ, वडील दवाखान्यात असताना पास झाला. त्याच्यासमोर मला ते सांगायचं नव्हतं.

पैसे आहेत. तब्येत चांगली आहे. तुमचं काही चुकलं नाही. तुमच्याकडे आलो की कोणीतरी तो पेढ्याचा विषय काढतं, म्हणून मी येत नाही. इथे कोणी काढत नाही.

प्रीतम

*

नाशिक, ९ सप्टेंबर २०२५

चि. प्रीतम,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी घरात खिचडीच झाली.

मले राग आला, ते लपवत नाही. अकरा वर्षं मी ज्याला त्याला सांगत फिरले. यांनाही पत्र दाखवलं. बाबांना माहीत होतं का नव्हतं, मले ठाऊक नाही. तुझं मन राखायला मी काहीतरी रचून सांगणार नाही. पण त्या डब्यातला एक पेढा मीही खाल्ला होता. तू दाराशी कसा उभा होता ते मी पाहिलं आणि आनंदानं बोलता येत नसेल असं समजले. तुझी बहीण असून तेवढंही ओळखलं नाही.

यांनी परवा तुझं तिकीट परत काढलं. भाव वाढला होता, ११,४०० रुपये जास्त लागले. हे म्हणाले की फरक मी भरला आहे, साळ्याले एक पैसा सोडणार नाही. रद्द करायची हौस त्यालेच होती. ते हसत होते, पण वसूल करतील, सांगून ठेवते.

खिडकीशी आम्ही तुझ्या मागेच उभे राहू. किती वेळ लागायचा तो लागू दे. मुलांना मी काही सांगितलं नाही. ते तुझं तू पाहा.

गादी परत सांग. दाराजवळ नाही, मधोमध.

तुझी,
ताई

*

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, दि. २ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळचे ५ वाजून ३० मिनिटे. बॅगेतले कपडे धुऊन वाळत घातले आणि लिहायला बसलो.

ती. मोनालीताईस,
प्रीतमचा सविनय जय भीम. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. कुलूप जरा अडलं, पण उघडलं. घरात बंद घराचा वास होता. खिडक्या उघडून ठेवल्या आहेत.

खिडकीशी काय झालं ते तुम्ही पाहिलंच. चाळीस दिवस मी एक वाक्य पाठ केलं होतं की साहेब, मी नववी पास आहे, बहिणीच्या कुटुंबासोबत फिरायला चाललो. रोज सकाळी आरशासमोर म्हणायचो. त्या साहेबांनी परतीचं तिकीट पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, हे सगळे सोबत का म्हणून विचारलं. मी मान हलवली आणि त्यांनी शिक्का मारला. एक मिनिटही लागलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ते वाक्य तसंच तोंडात राहिलं आणि विमानात मला काही खाता आलं नाही.

मोठ्या पाळण्याची रांग सत्तर मिनिटांची होती. तुम्ही दोघं सावलीत बसला होता. तिथे मी मुलांना सांगितलं. बराच वेळ लागला, मध्ये दोनदा रांग पुढे सरकली. यशोधराने मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाली की मामा, एवढं कमरेचं पाकीट घालून फिरतोस, त्याची लाज वाटत नाही आणि याची वाटते? सुजात हसला नाही. त्याने विचारलं की किती मार्कांनी. मी सांगितलं. मग त्याने मला स्वतःचं एक सांगितलं, ते मी तुला लिहिणार नाही. त्याच्या दप्तरात शोधूही नकोस. तो सांगेल तेव्हा रागावू नकोस, एवढीच विनंती.

उंची मोजायच्या काठीखाली तो १४१ भरला. पाळण्यात त्याने माझा हात धरला होता, खाली उतरल्यावर म्हणाला की धरला नव्हता.

काल मुंबईला स्टेशनवर तुमची गाडी आधी सुटली. माझ्या गाडीला तीन तास होते. मी त्याच बाकावर बसून राहिलो. आज सकाळी घरी आल्यावर पाच कप बाहेर काढले, मग चार परत ठेवले. सवय होईल.

हिशेब देतो, भाऊजींना दाखव.

तिकीट, फरक सोडून : २४,६००
व्हिसा : ७,२००
खोलीतला माझा वाटा : १४,५००
पार्क, दोन दिवस : १५,८००
नागपूर-मुंबई रेल्वे, जाऊन-येऊन : १,९७०
पासपोर्ट : १,५००
खाणं व किरकोळ : ६,३४५
एकूण खर्च : ७१,९१५

देणं, भाऊजींना, तिकिटाचा फरक : ११,४००. एवढे पैसे माझ्या खात्यात आहेत, आजही देता येतील. पण मी दर महिन्याला पाचशे देणार आहे, रोख, पत्रासोबत पाकिटात. बावीस हप्ते पाचशेचे आणि तेविसावा चारशेचा. पहिला सोबत जोडला आहे.