वेणूची शाळा

चिरंजीव भगवंता,

मोरिवलीहून आईचा आशीर्वाद. अक्षर मास्तरांचं, तोंड माझं.

"जाकार्त्यात देशोदेशीच्या पोरांची शाळा आहे. वेणूला तिथे घालू, की तुझ्याकडे धाडू?" असं विचारलंस. तिथेच घाल. नात मडमेसारखी फाडफाड बोलली तर मी नुसती मान डोलवीन. तुझ्या बापापुढे चाळीस वर्षं तेच केलं.

इथली शाळा चौथीपर्यंत. पुढे चांगलं स्थळ आलं की मला राहवणार नाही. सरूच्या वेळी राहवलं नाही. तू बोटीवर होतास, म्हणून तुझी बहीण तापाने गेली असं कळवलं. ती बाळंतपणात गेली, चौदाव्या वर्षी.

मास्तर, थांबलात का? लिहा. पण हे टपालात टाकू नका. दुसऱ्या कागदावर एवढंच लिहा, की म्हातारीला पोरीचं करणं झेपत नाही.

तुझ्या आईचा अंगठा