मनी कुणाला घाबरते

अहो,
आबांना सांभाळायला ठेवलेल्या बाई परत आल्या, तर त्यांना घरात घेऊ नका. मी आबांना घेऊन विश्रामबागला दवाखान्यात गेलेय.

तुम्ही म्हणालात, उगाच संशय नको. पण आबांच्या पायाशी झोपणारी मनी हल्ली बाईंचा आवाज आला की कान पाडते, शेपूट फुगवते आणि कपाटामागं पळते. दूधवाला आला तर ती जागची हलतही नाही.

म्हणून आज बाई बाजारात गेल्यावर मी आबांची बाही वर केली. दंडावर वळ दिसले. लकव्यानं त्यांची वाचा गेलीय, म्हणून म्हटलं, "आबा, बाई मारत्यात का? व्हय असंल तर माझा हात दाबा."

त्यांनी हात दाबला, आणि रिक्षा येईपर्यंत सोडलाच नाही.

अंकिता