वहीला दिलेले गुण

प्रति,
मा. संचालिका,
जिल्हा शिक्षण कार्यालय,
सान्ता उर्सुला दे पुकारा, पेरू.

विषय : कु. योवाना कोरिमान्या हिला पाचवीतून पहिलीत बसवण्याचा आदेश मागे घेऊन शिक्षा मला देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ ऑगस्टचे पत्र.

महोदया,

कोल्पाबांबा येथील एकशिक्षकी शाळेचा शिक्षक या नात्याने खालील निवेदन सादर करतो.

१. राष्ट्रीय दिनाच्या संचलनात आमच्या शाळेचा झेंडा योवानाच्या हाती होता. झेंडा सर्वांत हुशार विद्यार्थ्याकडे असतो, आणि चार वर्षे तिला प्रत्येक विषयात ‘अतिउत्तम’ मीच दिले आहे. व्यासपीठावर आपण तिला चार ओळींचे स्वागतपत्र वाचायला दिलेत. तिने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “वाचायचं नको ना, बाई. उतरवून देते की! अगदी छान देते.” ते ध्वनिक्षेपकावरून चौकभर गेले. लोक पोट धरून हसले. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून तिच्याजवळ जायला हवे होते. मी टोपी सारखी करत बसलो.

२. आपल्या पत्रात “विद्यार्थिनीने शाळेची दिशाभूल केली” असे म्हटले आहे. हे वाक्य कृपया वगळावे. सहा इयत्ता, एकतीस मुले आणि शिक्षक एक, म्हणून मी वह्या घरी नेऊन तपासत असे. मुखपृष्ठावर रंगीत चित्र, समास सरळ, शीर्षकाखाली पट्टीने मारलेली लाल रेघ, की गुण दिले. वाचून घ्यायला वेळ मिळत नसे. नाही, वेळ होता. वाचून घेतले तर काय ऐकावे लागेल, याची धास्ती होती.

३. आमच्या फळ्याला वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी चीर गेली आहे. योवानाच्या वहीत ती चीर प्रत्येक पानावर आहे. तिच्या दुसरीच्या वहीत त्या चिरेखाली मी “सुंदर सजावट!” असा शेरा मारला आहे. संचलनाहून परतल्यावर वह्या पुन्हा उघडल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोर चार वर्षे फळ्याचे चित्र काढत होती आणि मी तिला भाषेचे गुण देत होतो.

४. आपल्याच कार्यालयाने मला ‘आदर्श मूल्यमापक’ म्हणून गौरवले आहे. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात मी सतरा शिक्षकांना छातीठोकपणे सांगितले की वही पाहिली की मूल कळते. त्यांनी ते लिहून घेतले, लाल रेघेसह. त्यांच्या वर्गांत किती योवाना आहेत याची चौकशी व्हावी, आणि त्या सतरा जणांना मी चुकीचे शिकवले हे मला त्यांच्यासमोर सांगू द्यावे.

५. योवानाची आई एउलालिया हिला लिहिता-वाचता येत नाही. ती दारात येऊन एवढेच म्हणाली, “मास्तर, तिची वही मी आल्यागेल्याला दाखवायची हो. आता काय दाखवू?” तिने भाजलेल्या मक्याची पुरचुंडी माझ्या हाती ठेवली, कारण रिकाम्या हाताने मास्तरांकडे येत नाहीत. ती पुरचुंडी अजून माझ्या टेबलावर तशीच आहे. योवानाचे म्हणणे असे की सहा वर्षांच्या पोरांत बसण्यापेक्षा ती मेंढ्यांमागे जाईल. एकदा डोंगरावर गेलेली मुलगी आमच्याकडे शाळेत परत येत नाही.

६. तरी विनंती की, तिला पाचवीतच ठेवावे. शाळा सुटल्यावर मी तिला रोज वाचायला शिकवीन. डिसेंबरात तिचे वाचन बाहेरच्या शिक्षकाने घ्यावे. माझ्या शब्दावर विसंबू नये. माझे प्रशस्तिपत्र रद्द करून माझ्या सेवापुस्तकात ‘नापास’ अशी नोंद करावी. मूल्यमापनाच्या पुढील प्रशिक्षणास मला नवशिक्यांच्या बाकावर बसवावे. पहिलीत बसवायचेच असेल तर मला बसवावे.

७. हा अर्ज लिहिताना योवाना शेजारी बसली आहे. तिला वाचायला शिकवू लागल्याला आज नऊ दिवस झाले. तिने अक्षराला अक्षर जोडत, दोनदा अडखळत, विषयाच्या ओळीतले स्वतःचे नाव वाचले. मग पुढचे शब्दही वाचले, ‘पहिलीत’पर्यंत. तिथे थांबली. मग खाली सहीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, तुमच्या नावाखाली लाल रेघ मारू? चांगलं दिसेल, मग बाई ऐकतील.”

मी मारू दिली. त्या रेघेला कृपया गुण देऊ नयेत.

आपला अपराधी व नम्र,
साटुर्निनो पाउकार
कोल्पाबांबा, १२ ऑगस्ट

सोबत :
१. योवानाच्या वह्या, चार (चीर पाहावी)
२. माझे प्रशस्तिपत्र, चौकटीसह
३. लाल पेन, एक