हेतुपुरस्सर नाही

आई, सांप्रत आपल्या घरी एका गंभीर अन्वेषणाचे कार्य चालू असून त्याचा प्रमुख अन्वेषक मी आहे. विषय, साबण. तुझ्या नातीने गतवर्षी दूध, तूप, मध इत्यादी समस्त प्राणिजन्य पदार्थांचा त्याग केला, आणि तो त्याग आता स्वयंपाकघर ओलांडून न्हाणीघरात शिरला आहे. ती मिहानमधल्या कचेरीत दिवसभर संगणकापुढे असते; तिला सवड नाही. म्हणाली, "बाबा, कंपन्यांना तुम्हीच लिहा ना. तुमचं मराठी वाचून घाबरून खरं सांगतील." तेव्हापासून मी साबण, दंतमंजन आणि केशतैल यांच्या उत्पादकांना 'आपल्या ग्लिसरीनचे कुलगोत्र कळवावे' अशी पत्रे धाडतो आहे.

पत्रांची पोच येते, उत्तर येत नाही. एका कंपनीने हिरव्या पानाचे चित्र पाठवले. दुसरीच्या मदतकेंद्रावरील कन्या म्हणाली, "सर, आमचं प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे." मी म्हणालो, "बाई, म्हैसही हंड्रेड पर्सेंट नॅचरलच असते." तिने मला वरिष्ठांकडे वळवले आणि वरिष्ठांनी दूरध्वनीवरच्या सनईकडे. तिसरीचे पत्र मात्र मी चष्मा पुसून चार वेळा वाचले: 'आमच्या साबणात प्राणिजन्य घटक हेतुपुरस्सर वापरले जात नाहीत.' हेतुपुरस्सर! म्हणजे चरबी स्वतःच्या पायांनी चालत येऊन कढईत उतरत असल्यास कंपनीचा नाइलाज आहे.

संशयाची ही विद्या तुझीच. गुरूंचा उपदेश घेऊन तू मांसाहार सोडलास, आणि त्या दिवसापासून साबणाची प्रत्येक वडी तुझ्या लेखी आरोपी झाली. तुला अक्षर ओळखू येत नव्हते, पण उलटतपासणी वकिलाला लाजवील अशी. अजून दिसते: गल्लीतल्या किराणेवाल्यापुढे तू वडी नाकाशी धरून उभी आहेस. तो म्हणतो, "घ्या ना काकू, चरबी-गिरबी काही नाही यात."

"तुले कोनं सांगतलं गा?"

"कंपनीच्या माणसानं."

"अन् त्याले?"

किराणेवाला छताकडे पाहतो. तू वडी परत ठेवतेस. "चरबीनं आंग धुऊन नामस्मरणाले बसू काय मी?" आणि आपण बेसन घेऊन घरी येतो.

म्हणूनच पहिल्या परदेशप्रवासाहून परतताना मी तुझ्यासाठी चंदनगंधी साबणाची पेटी आणली, सहा वड्यांची. तू ती हुंगलीस, डोळे मिटलेस, पुन्हा हुंगलीस. मग पेटी माझ्यापुढे धरलीस. "वाच बरं."

मी वाचू लागलो आणि तिसऱ्या शब्दाशी अडखळलो. टॅलो. त्याचा अर्थ मला ठाऊक होता: गुराची चरबी. पण शेजारणी दारात उभ्या होत्या, आणि विलायतेहून आलेल्या सुपुत्राने आपली भेट परत पिशवीत घालणे मला अप्रतिष्ठेचे वाटले. मी उद्गारलो, "आई, हे संपूर्णतः वनस्पतिजन्य आहे."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "तू असा पुस्तकावानी बोलला का मले शंका येते. वाचून सांगून राहिला काय गा, का मन राखून?"

"वाचून."

त्या सहा वड्या तू दोन वर्षे पुरवल्यास. रोज पहाटे त्या साबणाने स्नान, आणि मग नामस्मरण. धंतोलीच्या दवाखान्यात तुला शेवटचे नेले तेव्हा शेवटची चिपटी साबणदाणीत सोबत होती. नर्सने दुसरा साबण काढला तर तू म्हणालीस, "तो नको वं. माह्या पोरानं वाचून आणलेला हाये."

काल तुझी नात ते तिसरे पत्र हातात घेऊन आली. "मग बाबा, वापरू का हा साबण?" मी घसा खाकरून 'सकृद्दर्शनी' इतके म्हणालो आणि तिथेच थांबलो. मग म्हणालो, "मले नाही माहीत." ती हसली, म्हणाली, आजीसारखे बोललात. वडी तिने फडताळात ठेवून दिली.

हे पत्र तुला धाडण्यात अर्थ नाही. वाचून दाखवणारा मीच, आणि त्या साक्षीदाराचा भरवसा काय? कंपनीचे निदान हेतुपुरस्सर नसेल. आई, त्या पेटीवर चरबी लिहिली होती. मले दिसली होती. मी मन राखलं, पण तुह्यं नाही, माह्यं.