जॉनचं मत

२६ ऑक्टो.
आज बरा दिवस. जॉनने मला नावाने हाक मारली, चहा आपल्या हाताने प्यायला. मुलगा लेस्ली घरून मतदान करायचा फॉर्म घेऊन आलेला. पंच्याऐंशीच्या वरच्यांकडे आता अधिकारीच येतात. जॉन म्हणाला, "मी काय पांगला हाय? चालत जाईन." सही मात्र केली. एक निवडणूक चुकवली नाही याने, समुद्रावरून परत येऊन मत दिलंय. वाटलं, शेवटचं असेल तर असू दे.

९ नोव्हें.
तीन दिवस मला विचारतोय, "बाय, तू कोनाची?" लेस्लीला म्हटलं, त्या मतदानवाल्यांना येऊ नका सांग. "मम्मी, फॉर्म भरला की आता बूथवर देता येत नाही. वाया कशाला? सोबती म्हणून खूण तू मार, चालतं." बोलायला काय जातंय याचं.

१४ नोव्हें.
आले. दोघं अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मॅडम चांगली होती. तीनदा विचारलं, "बाबा, खूण तुम्हीच कराल ना?" जॉन तिला पापलेटचा भाव सांगत होता. मग मला म्हणाली, "आजी, ते सांगतील तिथेच खूण करा हं. तुमच्या मनाची नको."

सांगतील! उत्तनमध्ये लग्न करून आले तेव्हापासून कधी सांगितलं नाही. किती भांडले मी. "मत बायकोलापन सांगायचं नसतं," म्हणायचा.

पेन घेऊन आडोशामागे बसले. कोरं ठेवलं तर त्याचं मत बुडतंय. मारलं तर... बाहेर सगळे ताटकळलेले. मला हवा होता त्याच्यापुढे खूण केली. पाकीट बंद. मॅडम म्हणाली, "थँक्यू बाबा."

कुंपणानेच शेत खाल्लं. संध्याकाळपासून रडू येतंय.

१७ नोव्हें., रविवार
चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कन्फेशनला उभी राहिले, परत फिरले. फादर विचारतील, कोणाचं चोरलंस? माझ्याच नवऱ्याचं, फादर.

२० नोव्हें.
मतदान. सकाळी उठला तो एकदम शुद्धीत. "तेरेज, माजा पांढरा शर्ट काड. लायन वाडायच्या आत जाऊ."
"तुझं झालं रे. ते लोक घरी आलेले ना."
"मी कवा दिलं? मला ठावं न्हाय." शर्ट स्वतःच काढून घातला. मग, "कोनाला दिलं मी?"
म्हटलं, मी बघितलं नाही.

लेस्ली म्हणतो, दुपारपर्यंत विसरतील. दुपार गेली. सगळी बटणं लावून दारात बसलाय. शेजारणी शाईचं बोट दाखवून जातायत. मला म्हणतो, "तू तरी जा."

माझं मत अजून द्यायचंय. याच्या समोरून कशी जाऊ?