उजाड गावाचं अंगण

पुणे, १० ऑक्टोबर २००६

प्रिय अहो,

नमस्कार, आणि मंजूच्या गालाला माझा एक चिमटा.

नोकरी पक्की झाली! शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या चाळिशीच्या बाईला व्हिडिओ गेमसाठी गावं आणि रानं रचता येतील का, ही ऑफिसची शंका काल फिटली.

परीक्षा म्हणून मला राक्षसाने उजाड केलेलं गाव दिलं होतं. ते दोनदा परत आलं. आमचे साहेब, वय वर्षे सव्वीस, डोकं धरून म्हणाले, "उज्वलाताई, राक्षस येऊन गेलाय. मग अंगणात सडा-रांगोळी कोणी घातली?"

"राक्षस आला म्हणून अंगण पारोसं ठेवायचं का?" मी म्हटलं खरं, पण घाबरले होते. तिसऱ्यांदा चुकले असते, तर सामान बांधून परत.

तेवढ्यात मंजूने सायबर कॅफेतून आपल्या नाशिकच्या अंगणाचा फोटो पाठवला. तुमच्या पत्रात होतं, "इकडे सगळं व्यवस्थित." फोटोत मलूल तुळस, वाऱ्याने पसरलेले पेपर, पायरीवर ओझरच्या विमान कारखान्यातल्या ड्युटीचे तुमचे बूट, त्यातला एक उताणा. एक पानही न हलवता मी ते सगळं गेममध्ये मांडलं.

साहेब म्हणाले, "ताई, आता खरंच राक्षस येऊन गेलाय!"

ते आपलंच अंगण आहे, हे मी सांगितलं नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना? मंजूचा खोकला गेला का?

शनिवारी येतेय. आता अंगण झाडायला हरकत नाही, माझं काम झालंय. तुळशीला मात्र आजच पाणी घाला.

तुमचीच,
उज्वला